चियानं बीपी उतरलं, तर गोळी बंद करू का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ४७ वर्षांची, नागपूरला मानेवाड्याकडे राहते. फेब्रुवारीत दवाखान्यात बीपी १५२/९४ निघालं, पंधरा दिवसांनी परत तेवढंच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० सुरू केली. थायरॉइडची गोळी आधीपासून आहेच. माझा मुलगा जिमला जातो. त्यानं त्याच आठवड्यात चिया सीड्स आणून दिल्या. तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर चहाचे दोन चमचे चिया लिंबू-मधाच्या कोमट पाण्यात घेते, त्याच पाण्यासोबत थायरॉइडची गोळी. अडीच महिने झाले. घरच्या मशीनवर बीपी आता १३४/८६ च्या आसपास असतं. वजन मात्र ७४ चं ७३ झालं, बस. मुलाच्या जिममधल्या मशीननं मार्चमध्ये सकाळी चरबी ३८ टक्के दाखवली होती, परवा संध्याकाळी ३९.५! मोठ्या जाऊबाई म्हणतात, हा तर आपला सबजाच, उगाच महाग घेता. माझे प्रश्न असे: चियानं बीपी उतरलं असेल तर गोळी बंद करू का? पोट का कमी होत नाही? आणि चिया घेत राहू की सोडू?

उत्तर

ताई, सगळ्यांत आधी गोळीचं. बंद करू नका. मनानं अर्धीही करू नका आणि एक दिवसाआड तर मुळीच घेऊ नका.

बीपी १३४ वर आलंय ते गोळी चालू असताना आलंय. गोळी आणि चिया एकाच आठवड्यात सुरू झाल्यामुळे श्रेय कुणाचं, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण टेल्मिसार्टनचं कामच हे आहे. अँजिओटेन्सिन नावाचं द्रव्य आपल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्याला ही गोळी अडवते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात आणि तुमचं बीपी उतरलं ते नेमकं त्याच काळात. शिवाय घरी मोजलेलं बीपी १३५/८५ च्या खाली असावं, असा साधारण निकष आहे. तुमचा वरचा आकडा जेमतेम आत आहे, खालचा अजून थोडा बाहेरच. म्हणजे गोळी काढून घेण्याएवढी जागा तुमच्याकडे नाही. गोळी थांबवली की बीपी काही दिवसांत, काही आठवड्यांत परत चढतं, आणि चढताना काहीच जाणवत नाही. ‘डोकं दुखलं की कळेलच’ या भरवशावर राहू नका. बहुतेकांचं डोकं दुखतच नाही.

आता चियाचं. तिचा उपयोग आहे, पण किती खाल्ल्यावर किती, हे नीट बघू, कारण जाहिरातीत नेमकं हेच गाळलेलं असतं.

२००७ मध्ये टोरांटोच्या व्लादिमीर वुकसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या २० रुग्णांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला १२ आठवडे रोज सुमारे ३७ ग्रॅम चिया आणि दुसरे १२ आठवडे गव्हाचा कोंडा. चियाच्या काळात वरचं बीपी कोंड्याच्या काळापेक्षा सुमारे ६ पॉइंटनं कमी राहिलं. ब्राझीलमध्ये २०१४ साली बीपीच्या रुग्णांना १२ आठवडे रोज ३५ ग्रॅम चियाचं पीठ दिलं. ज्यांची औषधं चालू होती आणि ज्यांची नव्हती, अशा दोघांचंही बीपी खाली आलं. औषधं चालू असलेल्यांनी ती सोडलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. हे दोन्ही प्रयोग छोटे, मोजक्या माणसांवरचे. याउलट अमेरिकेत डेव्हिड निमन यांनी २००९ आणि २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत बीपीवर काहीच फरक दिसला नाही.

माझं वाचन असं की बीपी मुळात वाढलेलं असेल तर चियानं ते थोडं उतरू शकतं, नसेल तर फारसं काही होत नाही. आणि हे ‘थोडं’सुद्धा ३५-४० ग्रॅमवर दिसलंय. चहाच्या चमच्यात साधारण ४-५ ग्रॅम चिया मावते. म्हणजे तुम्ही घेता ते ८-१० ग्रॅम, प्रयोगातल्या मात्रेच्या पाव हिश्शाएवढं. त्यातून १८ पॉइंटची उतरण होणं शक्य नाही.

मग ३७ ग्रॅम घ्यावी का? इथे पोटाचा प्रश्न येतो. १०० ग्रॅम चियात सुमारे ४८६ कॅलरी असतात. ३७ ग्रॅम म्हणजे १८० कॅलरी, जवळपास दोन फुलके. नेहमीचं जेवण तेवढंच ठेवून वर हे दोन फुलके रोज वाढवले तर वजन कमी होणार कुठून? लिंबूपाण्यातला मध वेगळाच. चिया पाण्यात फुगते, पोट भरल्यासारखं वाटतं, त्यामुळे माणूस आपोआप कमी जेवेल, असा तर्क सांगतात. तर्क चुकीचा नाही, पण प्रत्यक्षात तो फार चालत नाही. निमन यांच्या २००९ च्या प्रयोगात ९० जणांनी नाव नोंदवलं आणि ७६ जणांनी १२ आठवडे पूर्ण केले. चियाच्या गटानं रोज ५० ग्रॅम चिया दोन वेळांत वाटून, पाण्यात कालवून, जेवणाआधी घेतली. तुम्ही करता तसंच, पण पाचपट. शेवटी वजनात फरक नाही, शरीरातल्या चरबीच्या प्रमाणातही नाही.

फरक दिसला तो वुकसान यांच्याच २०१७ च्या अभ्यासात. मधुमेह आणि जास्त वजन असलेले ७७ जण, सहा महिने. चिया घेणाऱ्यांचं वजन सरासरी १.९ किलोनं उतरलं, न घेणाऱ्यांचं ०.३ किलोनं. कंबर साडेतीन सेंटिमीटरनं कमी झाली, दुसऱ्या गटाची एक सेंटिमीटरच्या थोडी वर. मात्र तिथे दोन्ही गटांचं जेवण मोजूनमापून कमी केलेलं होतं. चियाची भर त्या मोजलेल्या जेवणात होती, जेवणावर नव्हती. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा. त्याच्या प्रेमात काही कमी नाही, पण चिया एकटीनं चरबी वितळवत नाही.

जिमच्या मशीनवरच्या ३९.५ टक्क्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. ते मशीन तळपायांतून किंवा हातांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि तो किती अडतो यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंगात पाणी कमी असेल तर प्रवाह जास्त अडतो आणि चरबी वाढलेली दिसते. मार्चमधली मोजणी सकाळची, परवाची मे महिन्यातल्या नागपूरच्या संध्याकाळची, दिवसभराचा घाम निघून गेल्यानंतरची. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. मोजायचंच असेल तर दर महिन्याला एकदा, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच मशीनवर. त्याहून सोपं आणि जास्त भरवशाचं म्हणजे शिवणकामाचा टेप. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पोटाच्या आतली चरबी कमी होतेय की नाही, हे टेप वजनकाट्यापेक्षा लवकर सांगतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: थायरॉइडची गोळी तुम्ही चियाच्याच पाण्यासोबत घेता. ही गोळी फार नाजूक असते, आतड्यातून ती नीट शोषली जावी म्हणून रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची असते. चियाचा तो बुळबुळीत थर म्हणजे तंतूच तंतू (फायबर), आणि शिवाय चियात कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये सुमारे ६३० मिलिग्रॅम. तंतू आणि कॅल्शियम दोन्ही या गोळीचं शोषण कमी करतात. तुम्ही अडीच महिने रोज असं करताय. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचते की नाही, हे बघायला हवं. आणि थायरॉइड कमी पडलं की काय होतं? वजन उतरत नाही, थकवा येतो, खालचं बीपी वाढतं. तुमचं वजन अडलंय आणि ८६ चा आकडा हटत नाही, त्यामागे हे कारण असेलच असं मी म्हणणार नाही. पण चियाची चर्चा पुढे नेण्याआधी हे तपासायलाच हवं.

तेव्हा उद्यापासून थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या साध्या पाण्यासोबत. त्यानंतर निदान तासभर चहासुद्धा नाही. चिया सकाळच्या यादीतून काढा आणि दुपारी जेवणात किंवा चारच्या सुमारास घ्या. कॅल्शियमची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास जाऊ द्या.

चिया कधीही कोरडी तोंडात टाकून वरून पाणी पिऊ नका. ती आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरते. अमेरिकेत एका ३९ वर्षांच्या माणसानं चमचाभर कोरडी चिया गिळून वर पाणी प्यायलं, ती अन्ननलिकेतच फुगून बसली आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून हळूहळू पोटात ढकलावी लागली. अर्धा तास भिजवा. मात्रा हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. आणि दिवसभर पाणी पुरेसं प्या, एरवीही नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलाय. बीपीची गोळी चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं, किंवा वरचं बीपी सारखं ११० च्या खाली यायला लागलं, तर डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर चिया वाढवण्याआधी विचारा.

तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सबजा आणि चिया एकाच मोठ्या कुळातल्या, तुळस-पुदिन्याच्या. पण सबजा हे तुळशीच्याच एका जातीचं बी. फालुद्यात घालतात ते, काळंभोर, पाण्यात टाकलं की लगेच फुगणारं. चिया मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. तिच्यावर करड्या-पांढऱ्या चट्ट्यांची नक्षी असते आणि ती सावकाश फुगते. चियावर झालेले प्रयोग सबज्याला लावता येत नाहीत. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी सबजा खुशाल घ्या, बीपीसाठी म्हणून नको.

महाग पडते, या मुद्द्यावर मात्र मी जाऊबाईंच्या बाजूनं आहे. ताई, आपल्या विदर्भात जवस पिकतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीतल्या उरल्या ओलीवर जवस घ्यायची पद्धत जुनी. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचं संशोधन केंद्र आहे, त्यांनी काढलेले वाण शेतकरी पेरतात. आणि आपण मात्र काखेत कळसा ठेवून चियाच्या पाकिटाकडे वळसा घालतोय. चियात ज्या ओमेगा-३ चं कौतुक होतं, तेच अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवसातही भरपूर आहे.

जवसाचा पुरावाही चियापेक्षा कमी नाही, उलट जास्तच. कॅनडातल्या विनिपेगमध्ये पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१३ मध्ये छापून आली. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस, बाकीच्यांना जवसाविना तशाच चवीचे पदार्थ. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचं वरचं बीपी सुमारे १० पॉइंटनं आणि खालचं ७ पॉइंटनं कमी होतं. ज्यांचं सुरुवातीलाच १४० च्या वर होतं त्यांचं वरचं १५ नं उतरलं. हे रुग्ण तुमच्यापेक्षा बरेच आजारी होते, त्यामुळे इतकी उतरण तुमच्याकडे होईल असं धरून चालू नका. जवसावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या की सरासरी परिणाम दोन-तीन पॉइंटचाच निघतो. तरीही आपल्या मातीतल्या, इतवारी बाजारात पोत्यानं मिळणाऱ्या, चियापेक्षा स्वस्त बीसाठी हे कमी नाही.

जवस अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. तो दळायलाच हवा. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, मिक्सरमध्ये भरड काढा. एका वेळी आठवड्यापुरतंच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलं तर त्यातलं तेल लवकर खवट होतं. चियाचंही असंच आहे. निमन यांच्या २०१२ च्या प्रयोगात दळलेल्या चियानं रक्तातलं ओमेगा-३ वाढलं, अख्ख्या चियानं नाही.

जवस चटणीच्या रूपात खाणार असाल तर एक सांभाळा. आपली जवसाची चटणी म्हणजे तिखट, लसूण आणि चांगलं मूठभर मीठ. तशी चटणी रोज दोन चमचे खाऊन बीपी उतरवायचं म्हणजे एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घेणं. बिनमिठाची भुकटी वेगळी ठेवा आणि ती वरणात, दह्यात, कणकेत मिसळा. रोज दोन मोठे चमचे पुरेत. तेवढंच तेल किंवा पोळी जेवणातून कमी करा.

मिठाचा विषय निघालाच आहे, तर खरं काम तिथेच आहे असं मी म्हणेन. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण सहज त्याच्या दीड-दोन पट खातो. मीठ रोज सुमारे साडेचार ग्रॅमनं कमी केलं की बीपी असलेल्यांचं वरचं बीपी सरासरी पाच पॉइंटनं उतरतं. चियाच्या सगळ्यांत चांगल्या प्रयोगात दिसलं जवळपास तेवढंच, तेही फुकटात.

भाजीत आधीच कमी मीठ घालत असाल, मला मान्य आहे. पण बायका भाजीतलं मीठ मोजतात आणि बाकीचं विसरतात. रविवारचे तर्री पोहे, वर शेव आणि चिवडा. सावजीचा रस्सा. मठ्ठ्यातलं काळं मीठ, ते औषधी म्हणून कितीही घालतात, पण तेही मीठच. आणि आता हा वाळवणांचा महिना: पापड, सांडगे, भरल्या मिरच्या. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. ढोकळ्या-भज्यांतला खायचा सोडाही त्यातलाच. वर्षाचं लोणचं घालू नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घाला. पण ताटात फोड एकच, आणि पापड असेल त्या जेवणाला लोणचं नाही, असा नियम घरात करा. सगळ्या घरासाठी करा, तुमच्या एकटीच्या ताटाला वेगळं काढू नका. तसं चार दिवसच टिकतं.

बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. पण टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते तुम्ही आणू नका.

पोटासाठी: रोज अर्धा तास भरभर चालणं, उन्हं चढायच्या आत. सक्करदऱ्याला जा, अंबाझरीला जा, नाहीतर आपल्याच गल्लीत फेऱ्या मारा. आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही. खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड. मुलगा जिमला जातोच, त्याच्याकडून शिका. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, नुसतं कमी खाल्लं तर चरबीसोबत तेही जातात. म्हणून ताटात डाळ, पिठलं, मोड, दही, चालत असेल तर अंडं, यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला हवंच. वजन एका किलोनं उतरलं की बीपी साधारण एका पॉइंटनं उतरतं. पाच किलो उतरवले तर चियाशिवायच ते पाच पॉइंट तुमचे.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा नको. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी, सलग सात दिवस. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की तशीच ठेवायची, हे तिच्यावरून ठरेल. कधी १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखलं, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा वाटला तर वही शोधत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

त्याच भेटीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या, आणि थायरॉइडची गोळी आजवर चियासोबत घेत होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर आकडा वाढलेला बघून ते डोस वाढवतील आणि इकडे तुम्ही गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायला लागल्यावर तोच डोस जास्त होईल. वेळ बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा. तो रिपोर्ट आणि कंबरेचा आकडा मला कळवा.